दोघांची टोपी

लाखनीला हायवेच्या कडेला पंक्चरचं एक दुकान होतं. ट्यूब बुडवून बुडबुडे बघायला दुकानदारानं लष्कराचं एक लोखंडी हेल्मेट उलटं ठेवून त्यात पाणी भरलं होतं. मी त्याला प्लास्टिकचा टब आणून दिला आणि हेल्मेट घरी नेलं. तेव्हा मी भंडाऱ्याच्या शाळेत इतिहास शिकवत होतो. त्यानंतरच्या पंधराएक वर्षांत लढायांमधल्या एकोणीस टोप्या माझ्या कपाटात जमल्या. जमवणं सोपं होतं. टोपी कोणाच्या डोक्यावर होती हे शोधणं अवघड, आणि मला खरी ओढ त्याचीच होती.

विसावी टोपी अड्याळच्या बाजारात मिळाली. जुने कपडे विकणाऱ्याच्या ढिगात, स्वेटरांच्या खाली. गडद हिरवी लोकरीची बेरेट. बिल्ला निघालेला होता, तीन ठिकाणी पांढऱ्या दोऱ्यानं रफू केलेलं होतं. आतल्या चामड्याच्या पट्टीवर काळ्या शाईनं लिहिलेला नंबर अजून वाचता येत होता.

भंडाऱ्यात माझ्या ओळखीचे, लष्करातून निवृत्त झालेले एक हवालदार आहेत. त्यांनी नंबर बघून पलटण सांगितली, मग माजी सैनिकांकडे विचारत राहिले. चार महिन्यांनी त्यांचा फोन आला. "गुरुजी, सापडला. अड्याळच्या पलीकडच्या गावचा. एकाहत्तरच्या लढाईत गेला. बायको आहे अजून."

हिवाळ्यातल्या एका दुपारी मी त्या गावी गेलो. बसमध्ये बसून काय बोलायचं ते मनात जुळवत होतो. शहिदाची निशाणी, तिचा मान, वगैरे. ती नीट जपण्यासाठी माझ्याकडेच राहू द्या, अशी विनंतीही शेवटी करायची होती.

घर पक्कं होतं. समोरच्या खोलीत बुद्धाची तसबीर, तिच्या बाजूला लष्करी वेषातल्या एका तरुणाचा फोटो आणि त्याच्या शेजारी पांढरे केस झालेल्या एका शेतकऱ्याचा. बाई सत्तरीच्या पुढच्या, पण ताठ होत्या. मुलगा-सून बांधीवर धान कापायला गेले होते. मी पिशवीतून टोपी काढून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती लगेच घेतली नाही.

"तुमाले कुठं भेटली ही?"

"अड्याळच्या बाजारात. कोणी चोरून विकली असेल."

"चोरून नाही. जुन्या कपड्यावर भांडे देते ना, त्या भांडेवालीले मीच देल्ली."

मी गोंधळलो. "काहून दिली, बाई?"

"ते गेले ना मांगच्या साली. त्यायचे सारे कपडे देऊन टाकले. खुंटीवर दिसले का जीव कासावीस होते."

"पण ते तर लढाईत गेले..."

"ते मोठे." त्यांनी तरुणाच्या फोटोकडे बोट केलं. "मी लहान्याचं सांगून राहिली."

मग त्या बोलत गेल्या. मोठा सुट्टीवर आला तेव्हा त्यांचं लग्न झालं. बावीस दिवसांनी तो गेला, तो परत आलाच नाही. त्याची ट्रंक आली, तिच्यात ही टोपी होती. सासूनं बिल्ला काढून स्वतःजवळ ठेवला. पुढे कित्येक वर्षांनी ती वारली तेव्हा तो तिच्या देहासंगंच दिला. मोठा गेल्यावर वर्षभरानं घरच्यांनी त्यांना विचारलं आणि लहान्या दिरासोबत त्यांचं दुसरं लग्न लावून दिलं.

"त्या हिवाळ्यात लहान्यानं टोपी काढून घातली. सासू म्हणे, ठेव, भावाची हाय. ते म्हणे, भावाची हाय म्हणूनच घालून राहिलो. मंग पन्नास साल सकाळच्या दवात बांधीवर जाताना तीच डोस्क्यावर. फाटली का मीच शिवे."

मी टोपीकडे पाहिलं. पट्टीचं चामडं घामानं काळं पडलं होतं. तो घाम लढाईतला, असं मी चार महिने धरून चाललो होतो. त्यातला जवळजवळ सगळा धानाच्या बांधीतला होता.

"मी शोधत आलो ते फक्त मोठ्यांना," मी म्हणालो. मला ओशाळल्यासारखं झालं होतं.

"लोक त्यायलेच शोधतेत. सव्वीस जानेवारीले शाळेत बलावतेत, शाल देतेत. लहाना मले सायकलवर घेऊन जाये अन् बाहेर झाडाखाली उभा राहे. कोणी त्याले आत ये म्हटलं नाही. त्यानंही कधी तोंड वाकडं केलं नाही." त्यांची नजर तरुणाच्या फोटोकडे गेली. "मोठ्याचा चेहरा मले फोटोतूनच आठवते, गुरुजी. खोटं काहून बोलू?"

माझी ठरवलेली विनंती मी केली नाही.

त्यांनी टोपी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि उठून अंगणातल्या नळाकडे गेल्या. मला वाटलं, पाणी प्यायला. त्यांनी बादली भरली आणि टोपी पाण्यात बुडवली. मी उठलोच. नंबर! माझ्या तोंडातून 'बाई' एवढंच निघालं.

"बाजारातून फिरून आली. न धुता घरात कशी ठेवू?"

त्यांनी कपड्याच्या साबणानं टोपी आतून-बाहेरून घासली. हिरवट काळं पाणी निघालं. पट्टीवरची शाई त्यांच्या अंगठ्याखाली पसरताना मला दिसत होती. नंबर माझ्या वहीत होता, हे खरं. तरी मी दोन पावलं पुढे गेलो. एरवी मी अशी वस्तू कोरड्या मऊ फडक्याशिवाय हाताळत नाही, आणि दुसऱ्यालाही हाताळू देत नाही. पण मी त्यांना अडवलं नाही.

त्यांनी टोपी हळूच दाबून पाणी काढलं, पिळली नाही. घरातून पितळेचा लोटा आणला, उन्हात पालथा घातला आणि ओली टोपी त्याच्यावर बसवून एका बाजूनं हातानं खाली चापली. बराकीत बसवतात तशीच, बरोबर उजवीकडे.

"हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

"लहान्यानं. त्याले मोठ्यानं शिकवलं होतं, लग्नाले आला तवा. अशी नाही वाळवली तर डोस्क्यावर बसत नाही म्हणे."

त्यांनी चहा ठेवला. चारची बस होती, मी जाऊ दिली. टोपी वाळायला वेळ लागणार होता आणि तोवर थांबायचं दोघांनीही न बोलता ठरवलं होतं. आम्ही पडवीत बसलो. त्या लहान्याबद्दल सांगत राहिल्या, आणि मी वही पिशवीतच राहू दिली.