कोमट पाण्याची खोली

"तिथं झोप लई गाढ लागती. उठल्यावर डोकं जड होतं, पण गुडघे पार हलके!"

आष्टीहून निघालेल्या जीपमध्ये माझ्या शेजारची बाई पुढच्या बाईला सांगत होती. मी मांडीवरची पेटी घट्ट धरून बाहेर बघत राहिले. पेटीत रिकाम्या बाटल्या आणि हवेतला वायू मोजायचं छोटं यंत्र होतं. ती ज्या खोलीबद्दल बोलत होती, तिथलंच पाणी तपासायला मला पुण्याहून पाठवलं होतं. पण मी तसं म्हणाले नाही. मराठी माझी मातृभाषा नाही; वाक्य मी आधी मनात जुळवते, आणि तोवर विषय बदललेला असतो.

बाहेर बाभळी, नांगरून तशीच राहिलेली ढेकळं आणि टँकरची वाट बघणारे निळे ड्रम. बाईचं नाव सोजरबाई. ऊसतोडीहून नुकत्याच परतल्या होत्या. "आमी एक कोयता," त्या म्हणाल्या. (कोयता म्हणजे तोडीला जाणारं नवरा-बायकोचं जोडपं.) "कारखान्यानं गुडघे ठिवून घेतले. आता खोलीत निजून परत आणते."

गावात उतरल्यावर दूध संस्थेचे चेअरमन स्वतः पुढे आले. दुष्काळात जनावरांसाठी संस्थेनं खोल बोअर घेतला, तर पाणी लागलं ते कोमट. जनावरं तोंड लावीनात. मग निवायला हौद बांधला. उन्हानं पाणी उडू नये म्हणून हौदावर खोली उभारली, खिडक्या विटांनी बुजवल्या, दाराच्या फटीसुद्धा सिमेंटनं लिंपल्या. आत ऊब कोंडली, तशा बायका दुखरे गुडघे घेऊन तिथं निजायला येऊ लागल्या.

"एक थेंब वाया जात न्हाई, म्याडम," चेअरमन म्हणाले. तालुक्यात असं पाणी राखणारं दुसरं गाव नाही, हे त्यांनी मला चहाआधी आणि चहानंतरही सांगितलं.

दार उघडल्यावर आत सुखद ऊब होती. हौदात तळातून बुडबुडे येत होते. मी बाटली पाण्यात बुडवून भरली आणि पाण्यातच झाकण लावलं. रेडॉन हा खडकातून निघणारा वायू. त्याला रंग नाही, वास नाही. बाटलीत हवा राहिली तर तो पाण्यातून निसटतो. इथे त्याला वर आणत होते ते कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे.

भिंतीला टेकून देवीची तसबीर होती. तिच्यासमोर जमिनीवर तेलाचा डाग, पण दिवा मात्र वर, कोनाड्यात तेवत होता.

"दिवा वर कसा?" मी विचारलं.

"खाली टिकतच न्हाई," दारातून सोजरबाई म्हणाल्या. "लावला की इझतो. देवीला खालची जागा पसंत न्हाई, म्हणून वर नेला. वर बघा कसा ऐटीत जळतोय!"

आत वारा येण्याइतकी फट कुठेच नव्हती. मी बाहेर आले आणि दारातूनच यंत्र दोरीनं आत सोडलं. कोनाड्याच्या उंचीवर कार्बन डायऑक्साइडचा आकडा बरा होता. खाली जाऊ लागलं तसा तो वाढत गेला, आणि जमिनीला टेकताच यंत्र ओरडू लागलं.

"कावून (का) बोंबलतंय हे?" चेअरमनांनी विचारलं.

मी यंत्र ओढून घेतलं. "बघते," इतकंच म्हणाले. पुण्याला, आमच्या प्रयोगशाळेच्या सरांना फोन केला. "गावात काही बोलू नकोस," ते म्हणाले. "आपण रीतसर अहवाल पाठवू." मला खरं तर सुटल्यासारखं वाटलं.

जेवण चेअरमनांच्या घरी होतं: ज्वारीची भाकरी, येसर (भाजलेल्या धान्या-डाळींचं मसालेदार पीठ) घालून केलेली आमटी, कांदा. त्यांच्या सूनबाईंनी आग्रहानं आणखी एक भाकरी वाढली. "पुण्याचं माणूस चिमणीवानी खातं," त्या हसल्या. मीही हसले. भाकरी मोडता मोडता मनात मात्र हिशेब चालू होता. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड. तो जमिनीवर साचतो, आणि बायका तिथे निजतात.

जेवून परत आलो तेव्हा सोजरबाई आत जमिनीवर पोतं अंथरून बसल्या होत्या. पाळी त्यांची होती. बाहेर दोघी-तिघी आपल्या पाळीची वाट बघत होत्या.

"ऊब जातीय, दार लावा की," आतून त्या म्हणाल्या आणि आडव्या झाल्या.

चेअरमनांनी कडीला हात घातला. मी मनात वाक्य जुळवायला लागले. अहवाल, प्रमाण, मर्यादा. एकही शब्द कामाचा नव्हता. दार अर्धं लोटलं गेलं होतं. मी दोन्ही हातांनी ते परत ढकललं. सगळे माझ्याकडे बघू लागले.

"मावशी, उठा, आधी बाहेर या. या पाण्यातून विषारी हवा निघते, ती जमिनीवर साचते, दिवा तिनंच विझतो. आणि चेअरमनकाका, त्या खिडक्या आजच फोडा. पाणी उडालं तर उडू द्या."