अर्धी चिंधी

यमुनाअक्का गेल्याचे मला पिंप्राळ्यात शेजाऱ्यांच्या फोनवर कळले. फोन उषाचा होता. ती रडली नाही. "मुलांना कुणाजवळ ठेवून अंत्ययात्रेला जाऊ, सर?" एवढेच तिने विचारले. मी धुळ्याची गाडी पकडली.

अक्का धुळ्यातल्या त्या वस्तीच्या टोकाला एका खोलीत राहत असे. पूर्वी तीही त्याच वस्तीत धंद्यात होती. तिची स्वतःची मुलगी तिथेच गेली. कशी, हे तिने सांगितले नाही, मी विचारले नाही. दिवेलागणीला बायका आपली मुले तिच्याकडे सोडत आणि सकाळी नेत. मूल ठेवताना आईच्या जुन्या लुगड्याचा काठ फाडून दोन तुकडे केले जात. एक अक्काच्या खिळ्यावर, दुसरा आईजवळ. तो तुकडा दाखवल्याशिवाय मूल परत मिळत नसे. खुद्द आईलाही नाही. हा नियम मला क्रूर वाटे. अक्का म्हणाली, "आईनं तोंड कोनी बी दाबी सकस, मास्तर."

आईचे तोंड कुणीही दाबू शकते, याचा अर्थ मला ऐंशीच्या दशकातल्या एका संध्याकाळी कळला. मी तेव्हा जळगावला मुलींच्या वसतिगृहाचा अधीक्षक होतो आणि वस्तीतल्या शांताच्या मुलीच्या, उषाच्या, प्रवेशाचे बोलायला अक्काकडे आलो होतो. मुलगी वयात येऊ लागली की कोठीची मालकीण तिला हिरवा चुडा पाठवी. चुडा आला की पुढचे ठरलेले असे. त्या संध्याकाळी शांता दारात आली तेव्हा तिच्या हातात चुडा होता आणि मागे मालकीण व दोन माणसे उभी होती.

शांताने मुलगी मागितली. अक्काने चिंधी मागितली.

"तू मनी सासू शे का? मनी पोर मागाले तुले चिंधी दखाडू?"

"कोठे शे?"

"हारपी गयी."

"मंग पोर बी हारपी गयी समज," अक्का म्हणाली आणि तिने कडी लावली.

बाहेर शांता आवाज बसेपर्यंत शिव्या देत राहिली. शिकून ही काय कलेक्टर होणार आहे, हेही तिने सगळ्या गल्लीला ऐकवले. आत उषा भिंतीला टेकून बसली होती. आई खरेच आपल्याला न्यायला आली होती का, असे तिने हळूच विचारले. अक्का तिच्याजवळ बसली. "चिंधी तिना पदरले बांधेल व्हती. माले दिसनी…" म्हणजे चिंधी पदरात असूनही शांता ती हरवली म्हणाली होती.

पहाटेच्या एसटीने मी उषाला जळगावला नेले. वडिलांच्या नावाच्या रकान्यावरून संस्थेत कुरकुर झाली. ती मी ऐकून घेतली. शांता त्यानंतर वस्तीत दिसली नाही. सुरतेला नेले, असे कुणी म्हणे. कुणी काहीच म्हणत नसे.

उषा पुढे शिरपूरला नर्स झाली. अक्का अंथरुणाला खिळली तेव्हा रजा काढून आली, ती अजून परतलेली नाही. परवा मी पुन्हा त्या खोलीत गेलो. खिळ्यावर नव्या चिंध्यांच्या तळाशी शांताची जांभळ्या काठाची अर्धी चिंधी तशीच होती. ही तरी आता काढून जवळ ठेव, असे मी उषाला म्हणालो.

"ती आलीच, तर तिचा तुकडा कशाशी जुळवायचा, सर?"

दिवेलागण झाली होती. मुले जेवत होती. तेवढ्यात दार वाजले आणि एका बाईने मुलीला हाक मारली. एक मुलगी ताटावरून उठू लागली. उषाने तिला खांद्याला धरून खाली बसवले. मग कडीवर हात ठेवून तिने विचारले,

"चिंधी कोठे शे?"

बाहेर पावले वाजली. ती एकाहून अधिक माणसांची होती.