शेजारच्या बाईंचा अळंबीचा रस्सा

राजारामपुरीत आमच्या शेजारी राहणाऱ्या बाईंना दर हिवाळ्यात राधानगरीकडच्या माहेराहून वाळवलेली अळंबी यायची, दोऱ्यात ओवलेली. ती गरम पाण्यात भिजवून, तीनदा धुऊन, भाजलेलं खोबरं वाटून त्या वातीच्या स्टोव्हवर रस्सा करायच्या. नवरा शिरोलीला कारखान्यात आणि मुलं शाळेत गेली, की एकट्याच जेवायच्या. मग आमच्याकडे येऊन बसायच्या. एरवी त्यांचा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जायचा. त्या दिवशी मात्र चहासुद्धा नको म्हणायच्या आणि आमच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहायच्या. मला वाटायचं, माहेरची आठवण येत असेल.

एका वर्षी त्यांनी घराची किल्ली माझ्या हातात ठेवली.

“रश्श्यावर झाकण हाय, वैनी. मला काय झालं तर आदी त्यो वतून टाका. पोरं शाळंतनं आली की थेट पातेल्यालाच हात घालत्यात.”

“मग करता कशाला?”

“वली असली की इषारी कंची ती वळखू येत्यात. वाळल्यावर समदी सारखीच दिसत्यात. भाऊ रान हिंडून गोळा करतोय की. टाकू कशी?”

त्या दुपारी मीही घड्याळ सोडून कशाकडे बघितलं नाही.

पाच वाजता त्या किल्ली घेऊन गेल्या आणि नेहमीसारखी रश्श्याची वाटी आली. इतकी वर्षं ती वाटी परत करताना मी सांगत आले होते, तिखट जरा कमी पडलं.