तीन मांजरांची रायफल

टेक्सासमधल्या शुगर लँडला आमच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ राहतात. आयुष्यभर शाळेची बस चालवली. बायको जाऊन दोन वर्षं झाली, आणि नजर अधू झाल्यापासून गाडी चालवणंही बंद आहे. मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी ते दारात उभे राहिले आणि म्हणाले, “मॅम, तुम्ही लोखंडावरची अक्षरं वाचायचात ना?”

वाचायचे म्हणजे काय! नोकरीभर मी दुसरं काही केलंच नाही. तेलाच्या पाइपांवरचे ठसे तपासणं हे माझं काम. कारखाना कुठला, भट्टी कुठली, पास कोणी केला, हे सगळं त्या चार पुसट खुणांत असतं. ठसा कागदाशी जुळला नाही तर पाइप परत. रिटायर झाल्यापासून मात्र औषधांच्या बाटल्यांपलीकडे वाचायला काही उरलं नव्हतं.

त्यांच्याकडे पाच जुन्या लष्करी रायफली होत्या. त्या आपल्या मुलीला द्यायच्या, पण त्याआधी नीट यादी करायची होती. कुठली कुठे बनली आणि कुठलीचे सगळे भाग मूळचेच आहेत, एवढंच. अशा रायफलीच्या मोठ्या भागांवर एकच नंबर ठोकलेला असतो. सगळीकडे तोच सापडला, तर ती कारखान्यातून निघाली तशीच शाबूत आहे असं समजायचं.

“बंदुका? या वयात?” आमचे हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले.

“गोळ्या नाही झाडायच्या हो, नंबर वाचायचे आहेत,” मी म्हटलं आणि कपाटातलं भिंग शोधायला लागले.

त्यांच्या गॅरेजमध्ये भट्टीसारखं गरम होत होतं. प्रत्येक रायफल हातात देण्याआधी ते तिचा बोल्ट, म्हणजे गोळी नळीत ढकलणारा सरकता दांडा, मागे ओढायचे, आत बोट घालून चाचपायचे आणि म्हणायचे, “रिकामी आहे. आता तुम्ही स्वतः बघा.” मी बघायचे, मगच टेबलावर घ्यायचे. पुसट ठसे वाचायला मी घरून तांदळाची पिठी नेली होती. रांगोळी दगडाची, तिने ओरखडे पडतात. पिठी बोटाने घासून वरवर पुसली की खोलगट आकड्यांत ती बसते आणि काळ्या लोखंडावर पांढरा नंबर उमटतो. पहिला नंबर असा उमटला तेव्हा माझ्या तोंडून “अगंबाई!” निघालं.

तीन रायफली पटापट झाल्या. चौथी उचलत ते म्हणाले, “ही माझी लाडकी. तीन मांजरांची.”

“कसली मांजरं?”

दस्त्याच्या पुढच्या लोखंडी पट्टीवर त्यांनी बोट ठेवलं. मी पिठी घासली, भिंग लावलं आणि हसत सुटले. “अहो, मांजरं कसली! सिंह आहेत ते. आमच्या प्रत्येक नाण्यावर असतात. आणि खाली कारखान्याची अक्षरं आहेत, ही रायफल बंगालमध्ये बनलीय, आम्ही स्वतंत्र झाल्यानंतर!”

“तीस वर्षं मी सगळ्यांना मांजरं सांगतोय,” ते म्हणाले आणि खुर्चीत बसून पोट धरून हसायला लागले.

मग नंबर पाहिले. बॉडीवर शेवटी ६३८. नेम धरायच्या मागच्या खाचेखाली ६३८. नळीच्या टोकाशीही ६३८. बोल्टवर मात्र ९०२. मी दोनदा पिठी भरली, ९०२च. त्यांचा चेहरा उतरला. लाडकीचाच बोल्ट परका निघाला होता.

त्यांनी त्या बोल्टवरून बोट फिरवलं. मग एकदम म्हणाले, “माझा मेहुणा!” अशी रायफल त्यांनी आणि बायकोच्या भावाने एकाच दिवशी, एकाच दुकानात घेतली होती. दोघांनी एकेक. बोल्ट वेगळ्या खोक्यात होते आणि दुकानदाराने हाताला येईल तो बसवून दिला होता. पण मेहुण्याशी बोलणं नव्हतं. भांडण नाही, बायकोच्या अंत्यविधीनंतर दोघांपैकी कोणी फोनच केला नव्हता. कोणी आधी करायचा आणि काय बोलायचं!

“नंबर विचारा,” मी म्हटलं. “त्याला काय लागतं?”

त्यांनी फोन लावला, स्पीकरवर. पलीकडे बराच वेळ खुडबुड चालली. “बॉडीवर नऊ,” मेहुणे म्हणाले. “शून्य. पुढचं गंजलंय, मला वाचता येत नाही.”

“आम्ही येतो,” मीच म्हणून टाकलं.

शनिवारी आमच्या ह्यांनी गाडी काढली. दीड तासाचा रस्ता, मागे दोन कुलूपबंद पेट्या, एकीत रायफल, दुसरीत बोल्ट, आणि माझ्या मांडीवर चिवड्याचा डबा. मेहुणे व्हरांड्यात उभेच होते. दोघे म्हातारे हात मिळवायला पुढे झाले, आणि मग बराच वेळ एकमेकांना धरून उभे राहिले. आम्ही दोघं उगाच झाडांकडे बघत बसलो.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर टॉवेल पसरून मी कामाला लागले. मेहुण्यांच्या रायफलीवर पिठी भरली, पुसली. ९०२. आता तिचा बोल्ट. मी भिंग अगदी जवळ नेलं. सहा. तीन. आणि आठ.

“सहाशे अडतीस!” मी इतक्या जोरात ओरडले की बाहेरचं कुत्रं भुंकायला लागलं. आमचे शेजारी अंदाजाने बोट फिरवून आकडे चाचपत होते, मेहुणे टेबलावर थापा मारत होते, आणि इतका वेळ लांब उभे असलेले आमचे हे भिंग घेऊन “बघू, बघू” करत मध्ये घुसले होते.

बोल्ट बदलले. “नंबर जुळला म्हणून लगेच चालवायची नाही हं, आधी बंदुकांच्या कारागिराकडून तपासून घ्या,” असं मी दोघांना बजावलं. पुढच्या आठवड्यात ते दोघं मिळूनच गेले. दोन्ही रायफली पास झाल्या.

आता दर शनिवारी मेहुण्यांची गाडी शेजारच्या दारात उभी असते. परवा कुंपणावरून शेजाऱ्यांनी मला हाक मारली, “मॅम, इथे बसून कंटाळलात का? पुढच्या महिन्यात गन शो आहे, बंदुकांचा मोठा बाजार. आम्ही टेबल घेतलंय, एक खुर्ची तुमची.”

लेकीला फोनवर सांगितलं तर ती किंचाळली, “आई, यू? अॅट अ गन शो?”

“हो,” मी म्हटलं, “आणि येताना दोन किलो तांदळाची पिठी आण.”