अकरा नंबरची खाट

फिनेलचा वास आला की मला नगरची शाळा आठवते. इंग्रज गेले आणि छावणीतल्या त्यांच्या जुन्या इस्पितळात आम्हा मुलींची शाळा भरू लागली. उंच छत, जाड दगडी भिंती आणि नव्या चुन्याखालूनही दिसणारे खाटांचे आकडे. बाईंनी आमच्या बसायच्या जागा त्या आकड्यांवरूनच ठरवल्या. माझा आला अकरा. मला शाळेत घालायला पारनेरहून आलेल्या आईने ते पाहिलं आणि माझं दप्तर उचललं. "मेलेल्याच्या जागेवर माझी पोर बसायची न्हाई. चल घरी." तिथे झाडणारी म्हातारी पूर्वी त्याच वॉर्डात आया होती. तिने झाडू भिंतीला टेकवला. "अकराला एक गोरा हुता, बाई. माझ्या हातची पेज पिऊन बरा झाला आन् आपल्या पायानं चालत गेला." आईने दप्तर खाली ठेवलं. म्हातारपणी शाळेतल्या मैत्रिणी भेटल्या तेव्हा कळलं, चार नंबरवालीच्या आईलाही त्या झाडणारीने हेच सांगितलं होतं आणि सतरावालीच्याही. त्या माउलीच्या वॉर्डात कधी कुणी मेलंच नव्हतं, म्हणून आम्ही शिकलो.