थेंबभर स्पिरिट

दवाखान्यात कंपाउंडरकी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. डॉक्टर म्हणतात, जीभ दाखवा. आणि एकदा बाहेर आलेली जीभ लोक माझ्या खिडकीपाशी आले तरी आत घेत नाहीत. मी कोपरीत होतो तेव्हाचं सांगतो. दारूबंदी होतीच, त्यात फ्लूची साथ आली!

टेंभी नाक्याचे एक रिटायर्ड हेडक्लार्क. जन्मात सुपारीचं खांडही तोंडात टाकलं नव्हतं. तापात डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, ब्रँडी दोन चमचे. ताप चार दिवसांत उतरला. खोकला मात्र दिवाळीपर्यंत टिकला, आणि तोही फक्त डॉक्टरांसमोर! बायकोनं चमचा लपवला, तर म्हणाले, "असू दे, वाटीनं मोजतो."

मिठागरातल्या माणसांना चिठ्ठी कोण देणार? पावसाळ्यामुळे मिठागरं बंद, हाताला काम नाही, घरोघरी ताप. त्यात कुणीतरी उठवलं की पिणाऱ्याला फ्लू शिवत नाही. मग कधी न पिणारेही हातभट्टीची प्यायला लागले. उपाशीपोटी पितोस म्हणून मी एकाला झापलं. तो म्हणाला, "पोट भरलेलं असतं तर प्यालो असतो काय?"

त्यांच्याच आळीत एक मयत झालं. साथीच्या भीतीनं खांदा द्यायला माणूस मिळेना. तिघं तयार झाले, पण घोट घेऊनच. तिरडी कशीबशी नेत होते, तर वाटेत हवालदारानं अडवलं. वास लपण्यासारखा नव्हता. त्यानं तिघांकडे पाहिलं, टोपी काखेत मारली आणि चौथा खांदा दिला.

धर्मा मिठागरातलाच. पूर्वी पिऊन बायकोला, येसूला, मारायचा. लेक झाली तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवून त्यानं दारू सोडली. साथीत तो तापला, तेव्हा येसूच त्याला धरून घेऊन आली. मी मिक्श्चर भरून दिलं. त्यानं बूच काढून वास घेतला.

"याच्यान दारू हाय का?"

नाही म्हटलं असतं तर माझं काय बिघडलं असतं? पण मी पडलो जाणता माणूस! म्हटलं, "थेंबभर स्पिरिट असतं. औषधाचंच ते."

त्यानं बाटली खिडकीत परत ठेवली. शपथ मोडली तर लेक जाईल, एवढंच म्हणाला. डॉक्टरांनी समजावलं, येसू रडली, मी हात जोडले. ऐकलं नाही. पाचव्या दिवशी गेला. ते माझं वाक्य मला आजही गिळवत नाही.

पुढच्या आठवड्यात येसू आली. कडेवर लेक, तापानं फणफणलेली. तिनं रिकामी बाटली माझ्यापुढे ठेवली.

"भरा," म्हणाली. "हिनी शपथ नाय घेतलेली."