पासवर्ड आणि नाना

देवपूरच्या आमच्या कॉलेजात पहिला कॉम्प्युटर आला आणि तो चालवणारा क्लार्क आमच्या डोक्यावर बसला. चपला बाहेर काढायला लावायचा. पासवर्ड टाकताना मला भिंतीकडे तोंड करून उभं करायचा. "परीक्षेचे मार्क आहेत सर, कोणी बदलले म्हणजे?"

एकदा रिटायर झालेले हेडक्लार्क नाना आले. त्यांनी सहज विचारलं, तर यानं उठून, वाकून नमस्कार करून पासवर्ड सांगून टाकला. मी भडकलो.

"नाना वडीलधारी शेतस सर, त्यास्ले नही कसं म्हनू?"

संध्याकाळपर्यंत नानांनी तो पानटपरीवर सगळ्यांना सांगितला. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता बदल. मला भिंतीकडे वळवून त्यानं बदलला, आणि नवा कळवायला सायकलवरून नानांच्या घरी गेला.